गोळी वाढवू नकोस, आधी ऐक

अरे, रिपोर्टचा फोटो बघितला. त्याच्याखाली तू लिहिलेलंही वाचलं, 'ताई, टी-फोर घसरलाय, उद्यापासून ७५ ऐवजी १००ची गोळी चालू करतो.' तर शहाण्या, करू नकोस. उद्याही नको आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कधीच नको. फोन केला तर तू बँकेत असशील, मध्येच 'नंतर बोलतो' म्हणून ठेवून देशील, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. सावकाश वाच.

मी डॉक्टर नाही, हे तुला ठाऊक आहे. पण नोकरीची सगळी वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या आणि रिपोर्ट यांच्यात गेली. शिवाय धाकटीच्या बाळंतपणानंतर माझा स्वतःचा थायरॉइड बिघडला, तो कायमचाच. त्यामुळे कुठला आकडा कशाने हलतो हे मला थोडंफार कळतं. औषध मात्र तुझे डॉक्टरच ठरवतील.

तुझ्या कागदावर टी-फोर ४.३ आहे आणि शेजारी ५ ते १२ अशी रेंज छापलीय, म्हणून तिथे खूण आली. तू तेवढीच बघितलीस. जरा खालच्या ओळीत ये. टीएसएच ०.९. इंजेक्शन सुरू होण्याआधी तो २.६ होता. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून येतं आणि त्याचा हिशोब उलटा असतो. शरीराला थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की टीएसएच चढतो, जास्त झालं की उतरतो. तुला खरंच कमी पडत असतं तर २.६ चा आकडा वर गेला असता. तो खाली आलाय. म्हणजे एक ओळ म्हणते कमी आहे, दुसरी म्हणते पुरेसं आहे, कदाचित थोडं जास्तच. अशा वेळी मधल्या काळात काय बदललं ते बघायचं असतं, आणि तुझ्याबाबतीत त्यासाठी डोकं खाजवायला नको. टेस्टोस्टेरॉनची दोन इंजेक्शनं झालीयत.

तू बँकेतला माणूस, तुझ्याच भाषेत सांगते. रक्तातलं जवळजवळ सगळं थायरॉक्सिन, म्हणजेच टी-फोर, ९९.९ टक्क्यांहूनही जास्त, प्रथिनांना चिकटलेलं असतं. ती झाली एफडी. पैसा आहे, पण आजच्या खर्चाला नाही. पेशींच्या कामी येतं ते मोकळं फिरणारं चिमूटभर, म्हणजे खिशातली रोकड. थायरॉक्सिनला धरून ठेवणारं मुख्य प्रथिन म्हणजे टीबीजी. टेस्टोस्टेरॉन वाढलं की रक्तातलं टीबीजी कमी होतं. (इस्ट्रोजेनने बरोबर उलट होतं, म्हणून गरोदर बाईचा टी-फोर फुगलेला दिसतो.) टीबीजी घटलं की एफडी लहान होते, रोकड मात्र तेवढीच राहते. आणि आपल्याकडे बहुतेक पॅकेजांत 'थायरॉइड प्रोफाइल' म्हणून जे मिळतं, त्यात टी-थ्री आणि टी-फोर एकूण मोजलेले असतात, एफडी धरून. म्हणून तुझा टी-फोर घसरलेला दिसला. ज्याची थायरॉइड ग्रंथी धडधाकट आहे अशा माणसातही टेस्टोस्टेरॉनवर हेच दिसू शकतं, आणि त्याला काहीही झालेलं नसतं.

आता तुझ्यात आणि त्या धडधाकट माणसात एक फरक आहे, तो नीट लक्षात घे. एफडी मोडली की सुटलेले पैसे आधी खिशातच येतात ना? धडधाकट ग्रंथी हे ओळखते आणि आपलं उत्पादन तेवढं कमी करते, दोन-चार आठवड्यांत हिशोब जुळतो. तुझी ग्रंथी हाशिमोटोच्या आजाराने जवळपास निकामी केलीय. तुला मिळतं ते गोळीतून, आणि गोळीला काही कळत नाही. ती रोज सकाळी तेवढीच ७५ मायक्रोग्रॅम. म्हणून थायरॉक्सिनच्या गोळीवर असलेल्या माणसाने टेस्टोस्टेरॉन सुरू केलं, तर त्याची गोळीची गरज वाढत नाही, झालीच तर कमी होते. १९९४ मध्ये अमेरिकेत याबद्दल एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. स्तनाच्या कॅन्सरसाठी पुरुषी हार्मोन दिलेल्या बायका होत्या त्यात. त्यांतल्या ज्या मोजक्या जणी आधीपासून थायरॉइडची गोळी घेत होत्या, त्यांना थोड्या आठवड्यांत हार्मोन जास्त झाल्याची लक्षणं दिसू लागली आणि गोळी पाव ते निम्म्याने उतरवावी लागली. एकूण टी-फोर कमी दिसत असताना गोळी उतरवावी लागली, हे बघ. आणि तू वाढवायला निघालास.

घाबरू मात्र नकोस. त्या बायकांच्या शरीरात पुरुषी हार्मोन अचानक आणि भरपूर आलं होतं. तुझं टेस्टोस्टेरॉन नुसतं पुरुषाच्या सामान्य पातळीवर आणायचं चाललंय, त्यामुळे परिणाम सौम्य असतो आणि बऱ्याच जणांची गोळी आहे तीच चालते. तुझा ०.९ काही वाईट आकडा नाही. तू इतकंच कर, टीएसएचच्या जोडीला 'फ्री टी-फोर' करून घे. तो रोकडच मोजतो. वेगळा सांगावा लागतो, पॅकेजमध्ये धरून चालू नकोस, काउंटरवर स्पष्ट विचार. पुढे टेस्टोस्टेरॉनचा डोस बदलला, इंजेक्शनवरून जेलवर गेलास किंवा कधी बंद केलंस, की त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी हे दोन्ही पुन्हा. बंद केल्यावर गरज परत वाढू शकते, हे लोक विसरतात. आणि दहाव्या दिवशी तपासायला जाऊ नकोस. थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, टीएसएच तर त्याच्याही मागून हलतो.

मागच्या वर्षी तू डॉक्टरांवर चिडला होतास ते आठवतंय मला. टेस्टोस्टेरॉन कमी निघालं आणि त्यांनी इंजेक्शन न देता थायरॉइडची गोळी देऊन तुला काही महिने थांबवलं. 'दुखतंय एक, औषध दुसऱ्याचं' असं म्हणालास. माझ्या मते त्यांनी केलेली ती सर्वांत शहाणपणाची गोष्ट. तेव्हा तुझा टीएसएच १८ होता. टेस्टोस्टेरॉनलाही रक्तात धरून ठेवणारं एक प्रथिन आहे, एसएचबीजी म्हणतात त्याला. थायरॉइड मंदावलं की ते घटतं आणि एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसायला लागतं. नुसतं दिसतंच असं नाही, कधी कधी मोकळं टेस्टोस्टेरॉनही खरंच कमी होतं. थायरॉइड फारच मंद असेल तर प्रोलॅक्टिन वाढतं आणि ते वृषणांना पिट्यूटरीकडून मिळणारा हुकूम दाबून टाकतं. अशा कितीतरी पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन फक्त थायरॉइडच्या गोळीने जागेवर येतं, इंजेक्शनची वेळच येत नाही. उलट थायरॉइड जास्त धावत असेल तर एसएचबीजी वाढतं, एकूण टेस्टोस्टेरॉन झक्क दिसतं, आणि माणूस मात्र छाती वाढलीय, इच्छा राहिली नाही म्हणून हैराण. आकडा छान म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही.

तुझं थायरॉइड जागेवर आल्यावरही टेस्टोस्टेरॉन दोन वेगळ्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी, कमीच आलं. एलएच, म्हणजे पिट्यूटरीचा तोच हुकूम, वाढलेलं होतं. म्हणजे वरून हुकूम जोरात येतोय, वृषणंच साथ देत नाहीत. दहावीत तुला गालगुंड झाले होते आणि खाली सूज येऊन तू आठवडाभर चालू शकत नव्हतास, डॉक्टरांना त्याचाच संशय आहे ना? आई तेव्हा सगळ्यांना 'ताप आहे' एवढंच सांगायची. एलएच कमी निघालं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. मग पिट्यूटरीकडेच बघावं लागतं, तिथे टीएसएचवर भरवसा ठेवता येत नाही, फ्री टी-फोरच बघावा लागतो, आणि थायरॉइडची गोळी देण्याआधी कॉर्टिसॉल तपासतात. ते कमी असताना आधी थायरॉक्सिन दिलं तर माणूस गंभीर आजारी पडू शकतो. तुझं तसं नाही. पण तुझ्या त्या मित्राने कुठल्या तरी पॅकेजमध्ये संध्याकाळी चार वाजता जेवून केलेलं टेस्टोस्टेरॉन बघून तुझ्या इंजेक्शनचं नाव विचारलंय म्हणतोस, त्याला सांग, आधी सकाळी उपाशी दोनदा, आणि टीएसएच, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन सगळं. त्याचं वय काय, एकतीस? लग्नाला वर्षही झालं नाही? मग त्याला हे मोठ्या अक्षरांत सांग. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पिट्यूटरी गप्प बसते आणि शुक्राणू तयार होणं थांबत येतं, अगदी शून्यावरही जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चक्क पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिली होती. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिने जातात, काहींना वर्षाहून जास्त. मूल हवं असणाऱ्यांसाठी दुसरी औषधं आहेत, ती हार्मोनच्या डॉक्टरांकडून घ्यावीत. तुझी लेक बारावीला आहे म्हणून तुझ्याबाबतीत हा प्रश्न आला नाही, इतकंच.

मागच्या महिन्यात फोनवर तू दमणुकीचं बोललास, वजनाचं बोललास, आणि मग घसा खाकरून गप्प झालास. जे गिळलंस ते मी ओळखलं. थायरॉइडवाले पुरुष माझ्यासमोर रक्त द्यायला बसायचे तेव्हा बायकोने आणलेलं असायचं, आणि स्वतः म्हणायचे, 'हा तर बायकांचा आजार ना?' बायकांत तो कितीतरी पटींनी जास्त आहे हे खरं, पण पुरुषाला होतो तेव्हा उशिरा सापडतो, कारण तपासतच नाहीत. दमणूक, वाढतं वजन, उदासपणा, इच्छा नसणं, शरीराने साथ न देणं, ही यादी कमी थायरॉइडचीही आहे आणि कमी टेस्टोस्टेरॉनचीही. नुसत्या लक्षणांवरून कोणी सांगू शकत नाही. पण थंडी जास्त वाजणं, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, मंद नाडी असं असेल तर मी पहिलं बोट थायरॉइडकडे दाखवेन. दाढी कमी वेळा करावी लागणं, पहाटेची ती नैसर्गिक ताठरता बंद होणं, हे टेस्टोस्टेरॉनकडे. लाजू नकोस, मी तुझे लंगोट धुतलेत.

छातीत धडधडतं म्हणालास ते मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. २०२३ मध्ये एक मोठा अभ्यास आला, ट्रॅव्हर्स नावाचा. ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले ५,२०० हून जास्त पुरुष होते त्यात. टेस्टोस्टेरॉनमुळे हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक वाढले नाहीत, ही चांगली बातमी. पण हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, एट्रियल फिब्रिलेशन, टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत थोडा जास्त आढळला. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रकारही. आता थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तर होणारा ओळखीचा त्रास कोणता? हाच, एट्रियल फिब्रिलेशन. म्हणजे तू उद्या १००ची गोळी चालू केली असतीस, तर एकाच जागी दोन्हीकडून भार टाकला असतास. हात थरथरणं, घाम, झोप न लागणं, जेवूनही वजन उतरणं, नाडी विश्रांतीतही नव्वद-शंभर, असं काही दिसलं तर आधी टीएसएच आणि फ्री टी-फोर, आणि धडधड अनियमित वाटली तर त्याच दिवशी ईसीजी. लगेच, पुढच्या अपॉइंटमेंटला नव्हे.

बरं, पहिल्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी तू मला 'वाघासारखं वाटतंय' असा मेसेज केला होतास. मी काही बोलले नाही. तुझं ते १००० मिलिग्रॅमचं अनडेकॅनोएट एरंडेल तेलात विरघळवलेलं असतं (आजीला कळलं असतं तर तिने अजून चमचाभर तोंडात ओतलं असतं) आणि स्नायूतून आठवडेच्या आठवडे हळूहळू सुटत राहतं. एका रात्रीत वाघ व्हायला वेळ कुठे मिळाला? १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या ७२ वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झालो असं जाहीर केलं. त्या पाण्यातल्या अर्कात हार्मोन नावालाच होतं. टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात वेगळं झालं ते १९३५ मध्ये. मनाची ताकद फार मोठी असते, तिचा आनंद घे, पण तिच्यावर डोस ठरवू नकोस. आणि एक अपेक्षा आत्ताच खाली आण. २०१६ मध्ये ६५ वर्षांवरच्या पुरुषांवरचे जे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत कामेच्छा बऱ्यापैकी सुधारली, मनःस्थिती थोडी, दमणूक मात्र फारशी हलली नाही. तुझं वय कमी आहे आणि कमतरता खरी आहे, तुला जास्त फायदा होईल. पण दमणूक उरली तर लगेच इंजेक्शन वाढवून मागू नकोस, बी-१२, हिमोग्लोबिन आणि झोप आधी बघ.

आता तुझ्या कपाटातल्या बाटल्या. अश्वगंधा बंद कर. झाडपाल्याचं म्हणून निरुपद्रवी असं नसतं, अश्वगंधाने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, आणि गोळीवर असलेल्या माणसाचे आकडे मग कशामुळे हलले ते कोणालाच सांगता येत नाही. केसांसाठी बायकोने मागवलेल्या बायोटिनच्या गोळ्या तपासणीच्या आधी निदान दोन दिवस थांबव, डोस मोठा असेल तर लॅबला विचारून आणखी. बऱ्याच मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-फोर खोटा जास्त येतो, टेस्टोस्टेरॉनही खोटं वाढलेलं दिसू शकतं. मी स्वतः असे रिपोर्ट पाहिलेत, माणूस ठणठणीत आणि कागदावर थायरॉइड भडकलेलं. जिमचा तो ट्रेनर चरबी उतरवायला टी-थ्री सुचवतोय म्हणालास, त्याला माझा नंबर दे. बोलते मी त्याच्याशी.

गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घे आणि चहा किमान अर्ध्या तासाने, हे तुला पाठ आहे. कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तास लांब. तेवढं पाळतोस ना खरंच? कारण मध्ये नाश्त्याबरोबर घेत होतास आणि आता नीट घ्यायला लागला असशील, तर नुसत्या त्यानेही टीएसएच खाली येतो. डॉक्टरांना हे खरं सांग.

थायरॉइड बघणारे डॉक्टर आणि इंजेक्शन देणारे डॉक्टर तुझे वेगळे आहेत, ही मला खरी अडचण वाटते. युरॉलॉजिस्टना गोळीचा डोस माहीत नाही, फिजिशियनना इंजेक्शनची तारीख माहीत नाही. एका कागदावर डावीकडे तारखा लिही, शेजारी इंजेक्शन, गोळीचा डोस, टीएसएच, फ्री टी-फोर, टेस्टोस्टेरॉन आणि हिमॅटोक्रिट. हिमॅटोक्रिट विसरू नकोस. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होतं, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर इंजेक्शन थांबवतात. त्याबरोबर प्रोस्टेटसाठीची पीएसए तपासणी. टेस्टोस्टेरॉनची तपासणी पुढचं इंजेक्शन घेण्याच्या लगेच आधी करायची असते, मध्येच केली तर पातळी फुगलेली दिसते आणि तू खूश होतोस. तो कागद दोघांसमोर ठेव.

आणि घोरणं. कमी थायरॉइडनेही झोपेत श्वास अडकतो, टेस्टोस्टेरॉनने तो त्रास वाढू शकतो, झोपेतला ऑक्सिजन घसरला की रक्त आणखी दाट होतं, आणि सकाळी उठून माणूस म्हणतो औषध लागू पडत नाही. स्लीप स्टडी करावी लागेल का ते डॉक्टरांना विचार. 'मी कुठे घोरतो' असं लिहून पाठवू नकोस, तू झोपलेला असतोस. बायकोला फोन दे.